नेमक्या पायरीवर थांबवणे



कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात ज्यांनी एखादी रात्र काढली असेल, त्यांना गुळव्या आठवत असेल. चुलवाणात चिपाडे पडत असतात, काहिलीत रस खळाळत असतो, पोरेसोरे काकवीच्या आशेने घुटमळत असतात. हा एक माणूस मात्र रसावरची नजर हटू देत नाही. फेस कसा येतो, बुडबुडे केवढे उठतात, पाण्यात सोडलेल्या थेंबाची गोळी वळते का, हे तो पाहत राहतो. काहील लवकर उतरवली तर गूळ धरत नाही. उशीर झाला तर रस करपतो. चूल कोणीही पेटवील. थांबायचे कुठे हे कळणारा माणूस मात्र शोधून आणावा लागतो.

आज बोलायचे आहे ते रसायनउद्योगातल्या गुळव्याविषयी. हवेतला ऑक्सिजन घेऊन खनिज तेलातल्या रेणूंपासून उपयोगी माल बनवणारे कारखाने जगभर आहेत. अंगातल्या स्वेटरचे अ‍ॅक्रिलिक, गादीतला फोम, भिंतीवरचा ऑइलपेंट, नायलॉनचा दोर, या साऱ्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे ऑक्सिडीकरणाची एक पायरी असते. त्या पायरीवर रेणूला थांबवायचे, पुढे जाऊ द्यायचे नाही, ही या धंद्यातली सर्वांत कठीण गोष्ट. गुऱ्हाळात काहील एकच असते आणि ती उचलायला माणसे असतात. इथे उत्प्रेरकाच्या थरातून वायू अवघ्या काही सेकंदांत, कधी त्याहूनही कमी वेळात, निघून जातो. त्यातला एकेक रेणू कोण उचलून बाजूला ठेवणार? म्हणून तिथे गुळव्याचे काम खुद्द उत्प्रेरकाच्या पृष्ठभागालाच करावे लागते.

थांबणे इतके अवघड का आहे?

कार्बनच्या संयुगाला ऑक्सिजन भेटला की दोघांचा ओढा एकाच टोकाकडे असतो: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. लाकूड तिकडेच जाते, रॉकेल तिकडेच जाते, आपण खाल्लेली भाकरीही अखेर तिकडेच जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो दरीचा तळ आहे. आपल्याला हवा असलेला माल उतारावर मध्येच कुठेतरी, एखाद्या कपारीवर बसलेला असतो. त्यात आणखी एक अडचण आहे. तयार झालेला माल बहुधा कच्च्या मालापेक्षा जास्त नाजूक असतो. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे 439 किलोजूल लागतात. मिथेनपासून बनलेल्या मिथेनॉलमधला तसाच बंध 402 किलोजूलमध्ये तुटतो. म्हणजे ज्या उष्णतेला मिथेन जेमतेम हलते, त्या उष्णतेला मिथेनॉल जळून जाते. मिथेनपासून थेट मिथेनॉल हा स्वस्त आणि सुटसुटीत मार्ग मोठ्या प्रमाणावर अजून वापरात आलेला नाही, त्याचे मोठे कारण हे.

म्हणून कारखान्यात दोन आकडे एकत्र पाहावे लागतात. शंभर रेणू आत गेले, त्यांतल्या कितींनी काही ना काही अभिक्रिया केली, हे रूपांतरण. इंजिनिअर मंडळी कन्व्हर्जन म्हणतात. आणि ज्यांनी अभिक्रिया केली त्यांतले किती हव्या त्या मालात गेले, ही निवडकता, म्हणजे सिलेक्टिव्हिटी. हे दोन आकडे एकमेकांशी भांडतात. एक वाढवायला जावे, तर दुसरा पडतो. अधिक वेळ ठेवले तर जास्त रेणू बदलतात, पण बदललेले रेणूही तिथेच असतात आणि तेही जळू लागतात.

हे भांडण किती महाग पडू शकते? इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोचे उदाहरण घ्यावे. नायलॉनचा कच्चा माल तयार करण्यासाठी तिथे सायक्लोहेक्झेनचे हवेने ऑक्सिडीकरण होत असे. निवडकता राखायची म्हणून रूपांतरण मुद्दाम अगदी कमी ठेवले जाई. दर फेरीत जेमतेम 6 टक्के सायक्लोहेक्झेन बदले, बाकीचे पुन्हा फिरवले जाई. म्हणजे थोड्या मालासाठी प्रचंड साठा सतत फिरता ठेवायचा. ज्वालाग्राही द्रव, 155 अंश सेल्सिअसला, दाबाखाली, एकापाठोपाठ एक सहा मोठ्या भांड्यांत. पाचव्या भांड्याला चीर गेली म्हणून ते काढून चौथे आणि सहावे तात्पुरत्या नळाने जोडले होते. शनिवार, 1 जून 1974 रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो नळ तुटला, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. 28 माणसे गेली. कामाचा दिवस असता तर आकडा कितीतरी मोठा झाला असता. अपघाताचे थेट कारण तो नळ, यात शंका नाही. पण एवढे सायक्लोहेक्झेन तिथे होते कशासाठी? ऑक्सिडीकरण योग्य जागी थांबवणारा पृष्ठभाग हाताशी नव्हता, म्हणून. निवडकता हा केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न नाही, हे फ्लिक्सबरो दाखवते.

आता पृष्ठभागाकडे वळू. पहिला मोठा मुद्दा असा की रेणूला मिळणारा ऑक्सिजन येतो कुठून?

सहज उत्तर असे की हवेतून. अनेक वर्षे तसेच मानले जाई. 1954 मध्ये हॉलंडमधल्या मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलेन या दोघांनी व्हॅनेडियम ऑक्साइडवर काम करताना वेगळे चित्र मांडले. रेणू ऑक्साइडवर येतो आणि त्या ऑक्साइडच्या स्फटिकात बसलेला ऑक्सिजन घेऊन जातो. तिथे खड्डा पडतो. मग हवेतला ऑक्सिजन येऊन तो खड्डा भरतो. म्हणजे हवा थेट ग्राहकाला माल देत नाही. ती फक्त दुकानाचा साठा भरते, आणि विक्री होते ती फळीवरच्या मालाची.

हे खरे कशावरून? याचा पडताळा जड ऑक्सिजनने झाला. नेहमीच्या ऑक्सिजनचा अणुभार 16, पण 18 भाराचाही ऑक्सिजन मिळतो आणि तो ओळखता येतो. 1970 मध्ये अमेरिकेत जॉर्ज क्यूल्क्स यांनी बिस्मथ मॉलिब्डेट या ऑक्साइड उत्प्रेरकावर प्रोपिलीन सोडले आणि सोबत 18 भाराचा ऑक्सिजन दिला. तयार झालेल्या अ‍ॅक्रोलीनमध्ये सापडला तो बहुतांशी 16 भाराचा, म्हणजे स्फटिकातला. बाहेरून दिलेला जड ऑक्सिजन आत मुरला होता, आणि आतला हलका ऑक्सिजन मालात गेला होता.

यात इतके महत्त्वाचे काय? स्फटिकात नीट बसलेला ऑक्सिजन आणि पृष्ठभागावर नुकताच येऊन अर्धवट चिकटलेला ऑक्सिजन यांचे स्वभाव वेगळे आहेत. पोलंडमधले येर्झी हाबर यांनी हा भेद फार स्पष्टपणे मांडला. पृष्ठभागावर भटकणारा ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. तो रेणूच्या दुहेरी बंधावरच तुटून पडतो, कार्बनची साखळी मोडते आणि शेवट राखेत होतो. स्फटिकातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांनी तृप्त असतो. आधी रेणूच्या कडेचा एखादा हायड्रोजन निघतो आणि मग मोकळ्या झालेल्या कार्बनवर तो जाऊन बसतो. साखळी शाबूत राहते. तेव्हा चांगल्या उत्प्रेरकाने दोन गोष्टी करायच्या: घरातला ऑक्सिजन द्यायचा, आणि खड्डा इतक्या झटपट भरायचा की भटक्या ऑक्सिजनला पृष्ठभागावर रेंगाळायला वेळच मिळू नये.

दुसरा मुद्दा संख्येचा आणि अंतराचा. एका जागी शेजारीशेजारी किती ऑक्सिजन असावेत?

ओहायो राज्यातली सोहायो ही तेल कंपनी 1950 च्या दशकात याच प्रश्नाशी झटत होती. तिथल्या कॅलाहन आणि ग्रासेली यांनी 1963 मध्ये एक साधी पण खोल कल्पना मांडली. ऑक्सिजनांची दाट वस्ती असेल तर रेणूला एकामागून एक ऑक्सिजन मिळत जातात आणि तो जळून जातो. वस्ती अगदीच विरळ असेल तर काहीच घडत नाही. मोजके ऑक्सिजन एका बेटावर असावेत आणि ते बेट शेजारच्या बेटापासून तुटक असावे. त्यांनी कॉपर ऑक्साइड घेऊन पाहिले. ऑक्सिजनने पुरते भरलेले असताना प्रोपिलीन जळून जाई. हायड्रोजनने त्यातला काही ऑक्सिजन काढून घेतला की अ‍ॅक्रोलीन मिळू लागे. फार काढला की अभिक्रिया थंडावे. पदार्थ तोच, शेजार बदलला, आणि फळ बदलले.

हा केवळ कागदावरचा विचार नव्हता. सोहायोच्याच जेम्स आयडॉल यांनी बिस्मथ फॉस्फोमॉलिब्डेटवर प्रोपिलीन, अमोनिया आणि हवा यांच्यापासून एका पायरीत अ‍ॅक्रिलोनायट्राइल काढून दाखवले होते, आणि 1960 मध्ये ओहायोतल्या लायमा इथे त्याचा कारखाना सुरूही झाला होता. त्याआधी अ‍ॅक्रिलोनायट्राइल अ‍ॅसिटिलीन आणि हायड्रोजन सायनाइडपासून बनवत. ती पद्धत मागे पडली. आज जगातले बहुतेक सगळे अ‍ॅक्रिलोनायट्राइल सोहायोच्या वाटेने येते, आणि आजच्या सुधारित उत्प्रेरकांवर 80 टक्क्यांच्या वर उत्पादन मिळते. बाजारात विणकामासाठी ‘लोकर’ म्हणून मिळणारे बरेचसे स्वस्त धागे अ‍ॅक्रिलिकचे असतात. विमानात वापरला जाणारा कार्बन फायबरही बहुतांशी याच पदार्थाच्या धाग्यापासून होतो.

आपल्या जवळचे उदाहरण पाहायचे तर रायगड जिल्ह्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत जावे लागेल. तिथे ऑर्थो-झायलीनपासून थॅलिक अ‍ॅनहायड्राइड तयार होते. पीव्हीसी मऊ करणारी द्रव्ये, रंगांची रेझिने, पॉलिएस्टर रेझिने यांसाठी ते लागते. या पदार्थाचा भारताशी जुना आणि कडवट संबंध आहे. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली, ती याच थॅलिक अ‍ॅनहायड्राइडच्या वाटेने, आणि आपल्याकडच्या निळीच्या निर्यातीचा कणा मोडला. तेव्हा नॅफ्थलीनचे ऑक्सिडीकरण सल्फ्युरिक आम्लात करत. पारा हा त्याचा उत्प्रेरक आहे हे थर्मामीटर फुटल्यामुळे कळले, असे सांगतात. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हॅनेडियम ऑक्साइड आले, आणि आजही व्हॅनेडियमच आहे.

पण कोणत्या रूपात? इथे ‘नॅनो’ हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या कितीतरी आधीची नॅनोरचना भेटते. व्हॅनेडियम ऑक्साइडची नुसती पूड वापरली तर झायलीन फार जळते. तेच ऑक्साइड टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज नावाच्या स्फटिकरूपावर पसरवले, इतके पातळ की थर जवळजवळ एकाच रेणूचा व्हावा, की त्याचे वागणे पालटते. प्रत्येक व्हॅनेडियम खालच्या टायटॅनियमशी बांधलेला असतो, स्वतःच्या गोतावळ्यात हरवलेला नसतो. हे मिश्रण मग चिनी मातीसारख्या कठीण, छिद्रहीन कड्यांवर बाहेरून लेपतात, भज्यावर पीठ असावे तसे. कडी आतून सच्छिद्र का नको? कारण खोल छिद्रात तयार झालेला माल बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा उत्प्रेरकाला आपटतो आणि वाटेतच जळतो. म्हणजे रचना दोन मापांवर करावी लागते. नॅनोमीटरच्या मापात व्हॅनेडियमचा शेजार, मिलिमीटरच्या मापात बाहेर पडायची वाट.

इतके करूनही हिशेब काय येतो? 100 किलो ऑर्थो-झायलीनमधून, एकही रेणू वाया गेला नाही तर, सुमारे 140 किलो थॅलिक अ‍ॅनहायड्राइड मिळायला हवे. ऑक्सिजनचे वजन मिळते म्हणून ते वाढते. या उद्योगात प्रत्यक्ष मिळते 110 किलोच्या आसपास. म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा झायलीन गेले, त्यातले बहुतेक धुराड्यातून. आणि जाताना ते नुसते जात नाही. झायलीन पूर्ण जळाले तर हव्या त्या अभिक्रियेच्या जवळजवळ चौपट उष्णता सोडते. म्हणून हजारो बारीक नळ्यांचे रिअ‍ॅक्टर लागतात आणि त्यांच्याभोवती वितळलेल्या क्षारांचा प्रवाह खेळवावा लागतो. निवडकतेचा एक टक्का वाढला की माल वाचतो, कार्बन डायऑक्साइड घटतो आणि थंड करण्याचा भारही उतरतो.

तिसरा मुद्दा आजच्या संशोधनाचा गाभा आहे. तो आहे स्फटिकाच्या पैलूंचा.

हिऱ्याला पैलू पाडतात हे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्साइडच्या प्रत्येक स्फटिकालाही पैलू असतात, आणि प्रत्येक पैलूवर अणूंची मांडणी वेगळी असते. मग एकाच पदार्थाचे वेगवेगळ्या पैलूंचे स्फटिक वेगळे वागतील का? 2014 मध्ये चीनमधल्या हफेई इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या चमूने याचे विलक्षण स्वच्छ उत्तर दिले. त्यांनी क्युप्रस ऑक्साइड घेतले. हे तांब्याचे लाल ऑक्साइड. त्याचे तीन आकारांचे सूक्ष्म स्फटिक वाढवले: घन, आठ पैलूंचे आणि बारा पैलूंचे. तिघांवरून प्रोपिलीन आणि ऑक्सिजन सोडला. घनाकार स्फटिकांचा कल प्रोपिलीन जाळून कार्बन डायऑक्साइड करण्याकडे होता. आठ पैलूंच्या स्फटिकांचा कल अ‍ॅक्रोलीनकडे होता, ज्यापासून कोंबड्यांच्या खाद्यातले मिथायोनिन बनते. आणि बारा पैलूंच्या स्फटिकांचा कल प्रोपिलीन ऑक्साइडकडे होता, ज्यापासून गादीचा फोम होतो. तेच तांबे, तोच ऑक्सिजन, तेच प्रोपिलीन. बदलला फक्त पैलू.

या प्रयोगावर थोडे थांबायला हवे, कारण नॅनो म्हणजे फक्त बारीक, हा आपल्याकडचा पक्का समज तो मोडून काढतो. पदार्थ बारीक केला की पृष्ठभाग वाढतो, अभिक्रिया वाढते, हे खरे. पण जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त जळणेही असू शकते. घनाकार स्फटिकही बारीकच होते. खरा फरक मांडणीचा आहे, आणि नॅनोतंत्राने हातात दिलेली खरी गोष्ट तीच: कोणता पैलू उघडा ठेवायचा, कोणता झाकायचा, हे ठरवण्याची ताकद. 2009 मध्ये दालियनच्या संशोधकांनी कोबाल्ट ऑक्साइडच्या सूक्ष्म कांड्या बनवल्या, तेव्हा उणे 77 अंश सेल्सिअसलाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होत होते. त्याचेही श्रेय त्यांनी कांड्यांवर उघड्या पडलेल्या विशिष्ट पैलूंना दिले.

मांडणीचे टोकाचे उदाहरण म्हणजे टायटॅनियम सिलिकेट. 1983 मध्ये इटलीतल्या एनी समूहाच्या संशोधकांनी त्याचे पेटंट घेतले. वाळूच्याच घटकांचा हा स्फटिक, पण त्यात साधारण अर्ध्या नॅनोमीटर रुंदीच्या बोळांची जाळी असते; आणि दर शंभर सिलिकॉनांमागे फार तर दोन-तीन जागी टायटॅनियम बसवलेला असतो, प्रत्येक जण एकटा. हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत दिले की हा एकटा टायटॅनियम प्रोपिलीनवर एकच ऑक्सिजन ठेवतो. मागे उरते ते पाणी. हेच टायटॅनियम अणू एकत्र येऊन साधे टायटॅनियम डायऑक्साइड झाले की पेरॉक्साइड नुसते वाया जाते. या पदार्थावर पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाने दखल घ्यावी असे काम केले, हे इथे आवर्जून सांगायला हवे. 2008 मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला बीएएसएफ आणि डाऊ यांचा या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू झाला. क्लोरीनच्या जुन्या पद्धतीत प्रोपिलीन ऑक्साइडमागे खारट सांडपाण्याचे लोट निघत. ते इथे निघत नाहीत.

मग अडते कुठे? हफेईच्या लाल स्फटिकांवर आज एकही कारखाना चालत नाही. का?

पहिले कारण उष्णता. कारखान्यातला उत्प्रेरक 350-400 अंशांना, कधी त्याहूनही वर, वर्षानुवर्षे टिकावा लागतो. सुंदर पैलूंचे स्फटिक त्या भट्टीत हळूहळू गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात. ज्या पैलूसाठी सारा खटाटोप, तोच हरवतो. शिवाय अभिक्रिया चालू असताना ऑक्साइड सतत ऑक्सिजन देते-घेते, त्यामुळे क्युप्रस ऑक्साइड क्युप्रस राहीलच याची खात्री नसते. दुसरे कारण प्रमाण. प्रयोगशाळेत चिमूटभर बनते, रिअ‍ॅक्टरला टनांनी लागते, आणि प्रत्येक घाण्यात तोच पैलू यावा लागतो. तिसरे कारण अधिक खटकणारे आहे, आणि ते यंत्रात नाही, लिहिण्यात आहे. कित्येक शोधनिबंधांत निवडकतेचा आकडा 95, 98 असा झळकतो आणि रूपांतरण खालच्या ओळीत दोन-तीन टक्के असते. दोन टक्क्यांवर निवडक राहणे कठीण नाही. तयार माल इतका थोडा असतो की तो पुढे जळायला सापडतच नाही. फ्लिक्सबरोत फिरत असलेला तो मोठा साठा आठवा. अशा आकड्याला शोध म्हणणे चूक आहे, आणि ते स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

तरीही वाट दिसते आहे, आणि ती जुन्या आणि नव्याच्या मधून जाते. सोहायोने सांगितले की बेटे वेगळी ठेवा. थॅलिक अ‍ॅनहायड्राइडच्या कारखान्यांनी दाखवले की व्हॅनेडियम एका थरात पसरा आणि माल झटकन बाहेर काढा. टायटॅनियम सिलिकेटने एकेक अणू स्फटिकाच्या भिंतीत चिणून टाकला, म्हणून तो टिकला. पैलूदार स्फटिकांना असाच भक्कम आधार देणे, त्यांच्याभोवती पातळ सच्छिद्र कवच घालणे, त्यांना चिकटू न देणे, यावर आज काम चालू आहे. यश येईल ते नुसत्या बारीक पुडीला नाही, भट्टीत टिकणाऱ्या मांडणीला येईल, असे ठामपणे म्हणता येते.

सभागृहात रसायनशास्त्राचे विद्यार्थी बरेच दिसतात. त्यांच्यापाशी एक मागणे आहे. निवडकतेचा मोठा आकडा समोर आला की आधी रूपांतरण किती ते विचारा. मग उत्प्रेरक किती तास चालवला ते विचारा. मग चालवून झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा दिसला, त्याचे चित्र मागा. आणि परवानगी मिळाली तर थॅलिक अ‍ॅनहायड्राइडच्या एखाद्या कारखान्यात जाऊन, रिअ‍ॅक्टरमधून काढलेली वापरलेली कडी हातात घेऊन नीट पाहा. ती कडी आज शंभरातले ऐंशी रेणू थांबवते. उरलेले वीस तुमच्यासाठी आहेत.